झोपलं नाही म्हणून मेलं

"ताई, तुमचं यंत्र परत झोपलं बघा."

दिंडोरीहून फोन होता. ऑक्टोबर छाटणी उरकलेली, बागेत कोवळी फूट, वर परतीचा पाऊस. द्राक्षवाल्याची झोप उडायचे हेच दिवस. रात्री पान किती तास ओलं राहिलं त्यावर सकाळी डाऊनी रोगाचं औषध मारायचं की नाही ते ठरतं, आणि तेच सांगायला आमचं यंत्र त्यांच्या बागेत उभं होतं. पाऊस नसताना ते इमानेइतबारे चालायचं. ढग दाटले आणि सौर पॅनल निकामी झालं की तिसऱ्या दिवशी पहाटे डोळे मिटायचं. मी कागदावर पाच दिवसांची हमी दिली होती.

ते यंत्र झोपलं नव्हतं. तीन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही म्हणून मेलं होतं. पण हे कळायला मला दोन आठवडे लागले, आणि चूक माझ्याच हातची निघाली, म्हणून हे लिहिते आहे.

आधी हिशेब सांगते. १२ व्होल्टची १८ अँपिअर-तासाची बॅटरी, म्हणजे २१६ वॉट-तास. बॅटरी तळापर्यंत खरवडायची नसते, म्हणून त्यातले साधारण १६० आपले. लिनक्स चालवणारा छोटा संगणक-बोर्ड (बीगलबोन नावाच्या तयार बोर्डावर असते तीच टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सची चिप) आणि मोडेम मिळून सरासरी १.३ वॉट, म्हणजे दिवसाला ३१ वॉट-तास. भागाकार करा, पाच दिवस येतात. सेन्सर या हिशेबात धरलेच नव्हते. वारा, पाऊस, पानाचा ओलावा मोजणाऱ्या सगळ्या सेन्सरांची १२ व्होल्टची लाइन दर दहा मिनिटांनी चार-पाच सेकंदच चालू व्हायची. सहाशे सेकंदांत पाच. नगण्य.

ती लाइन चालू-बंद करायचं काम कर्नलमधल्या (लिनक्सच्या गाभ्यातल्या) माझ्या छोट्या ड्रायव्हरकडे, म्हणजे सेन्सर हाताळणाऱ्या कोडकडे होतं आणि त्यासाठी मी रनटाइम पीएम (पॉवर मॅनेजमेंट) वापरलं होतं. लॅपटॉपचं झाकण मिटल्यावर सगळं मशीन झोपतं, ते हे नव्हे. रनटाइम पीएम म्हणजे मशीन जागं, कामात, पण त्यातलं जे डिव्हाइस या घटकेला कुणाला नको आहे ते एकटं झोपवायचं. लिनक्समध्ये ही चौकट २.६.३२ पासून, म्हणजे २००९ च्या डिसेंबरपासून आहे. राफाएल विसोत्स्कींनी ती आणली, आणि अ‍ॅलन स्टर्न यांचा तिच्यात मोठा हात आहे. यूएसबीत असं काहीसं आधीपासून होतं. या चौकटीनं ते सगळ्यांसाठी एकसारखं केलं.

ती चालते कशी हे मला कुठल्याही पुस्तकाआधी आप्पांनी शिकवलं होतं, फक्त तेव्हा त्यांना किंवा मला ते माहीत नव्हतं.

आप्पा आमच्या गावच्या वाचनालयाचे ग्रंथपाल. 'ड' वर्गाचं वाचनालय, शाळेच्याच आवारातली एक लांबट खोली, मध्ये पुस्तकांची कपाटं, पलीकडे वर्तमानपत्रांचं टेबल. आप्पांच्या खुर्चीवरून कपाटांपलीकडचं दिसायचं नाही. मग ते आत कोण आहे हे बघायचेच नाहीत. दारातल्या चपला बघायचे. चपला आहेत, माणूस आहे, ट्यूबलाइट चालू. चपलांची रांग संपली की उठायचे, पण लगेच कुलूप नाही. दहा मिनिटं थांबायचे, कारण कुणीतरी छत्री विसरून परत यायचंच. मग दिवे, मग कुलूप. शाळेचा शिपाई त्याच्याही मागून फाटक लावायचा. वाचनालय उघडं असताना फाटक लावायची सोय नव्हती.

कर्नलही डिव्हाइसला "तुझं काम आहे का" असं विचारत बसत नाही. ज्याला डिव्हाइस हवं तो 'गेट' म्हणतो, मोजणी एकानं वाढते. काम झालं की 'पुट' म्हणतो, एकानं उतरते. शून्य झालं की झोपवायला हरकत नाही. आप्पांच्या दहा मिनिटांना इथं ऑटोसस्पेंड म्हणतात. मी ते तीन सेकंद ठेवलं होतं, नाहीतर एकामागून एक पाच सेन्सर वाचताना लाइन पाच वेळा चालू-बंद झाली असती, आणि प्रत्येक वेळी व्होल्टेज स्थिर व्हायची वाट पाहावी लागली असती. फाटकाचाही नियम आहे: पोटातलं एकही डिव्हाइस जागं असेल तर वरच्यानं झोपायचं नाही. यूएसबीचा हब असाच त्याला जोडलेल्यांसाठी ताटकळतो.

आता माझ्या जुन्या जखमा. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी 'गेट' म्हणायला विसरले होते. क्लॉक बंद असलेल्या, म्हणजे झोपलेल्या मॉड्यूलचं रजिस्टर (चिपमधला आकड्याचा कप्पा) वाचायला गेले. या चिपवर त्याची शिक्षा तत्काळ होते. 'अनहँडल्ड फॉल्ट, एक्स्टर्नल अबॉर्ट' अशी बोंब ठोकून कर्नल आडवा. पाच मिनिटांत चूक सापडली, कारण चुकीनंच माझा हात धरून तिथे नेलं होतं. दुसऱ्यांदा, हौसेनं सिरियल पोर्टलाही ऑटोसस्पेंड लावलं. त्यावरचं कन्सोल (बोर्डाला आज्ञा टाइप करायची जागा) झोपायला लागलं, आणि 'रूट' लिहिलं की 'ऊट' उमटायचं. पहिलं अक्षर पोर्टला जागं करण्यात खर्ची पडायचं. मूळ ड्रायव्हरमध्ये तो विलंब वजा एक, म्हणजे 'कधीच झोपू नकोस' असा का ठेवलाय ते त्या दिवशी कळलं. ज्यांनी लिहिलं त्यांचंही कधीतरी 'ऊट' झालं असणार.

या दोन्ही चुका ओरडणाऱ्या होत्या. 'पुट' विसरण्याची चूक ओरडत नाही. वाचन अचूक येतं, लॉग स्वच्छ, क्रॅश नाही. जे झोपायला हवं ते जागं आहे एवढंच, आणि जागं डिव्हाइस नेहमीच चांगलं चालतं.

दिंडोरीहून ते यंत्र सोडवून पुण्याला आणलं. टेबलावर बॅटरीच्या वाटेत मल्टिमीटर लावला. दर दहा मिनिटांनी आकडा चढतो, पाच-सहा सेकंदांनी १२० मिलिअँपिअरनं धाडकन खाली येतो. अगदी घोटलेल्या धड्यासारखं. रात्रभर ठेवलं, सकाळीही तेच. मी बॅटरीला दोष दिला आणि नवी मागवली. मग पॅनलला दोष दिला. हार्डवेअरवाल्या सहकाऱ्यानं तोवर शांतपणे विचारलं होतं, "तुझा ड्रायव्हर बघितलास का एकदा?" आणि मी जरा घुश्श्यातच "बघितलाय" म्हणाले होते.

नवी बॅटरी घालून यंत्र परत बागेत गेलं. या वेळी मोडेमवरून आत शिरता येईल अशी सोय ठेवली. पुन्हा दोन दिवस ढग आले. आत शिरले आणि सिसएफएसमध्ये (कर्नल आपली स्थिती फाइलींसारखी दाखवतो ती जागा) आय-टू-सी कंट्रोलरचं, म्हणजे सेन्सर ज्या तारांवरून बोलतात त्या सांभाळणाऱ्या वरच्या डिव्हाइसचं रनटाइम स्टेटस पाहिलं. उत्तर: सस्पेंडेड. दहा वेळा पाहिलं, दहाही वेळा सस्पेंडेड. मनात म्हटलं, फाटक बंद आहे म्हणजे वाचनालयही बंदच असणार.

इथे मी फसले. आय-टू-सी हा फाटकाच्या नियमाला अपवाद आहे. कर्नलचा आय-टू-सी गाभा अडॅप्टरला (कर्नलमधलं कंट्रोलरचं रूप) सांगूनच ठेवतो की मुलांकडे, म्हणजे खाली जोडलेल्या डिव्हाइसांकडे लक्ष देऊ नकोस. कारण सेन्सर जागा असला तरी दोन वाचनांच्या मध्ये कंट्रोलरला काही काम नसतं, आणि प्रत्येक व्यवहाराआधी कंट्रोलरचा ड्रायव्हर स्वतःच त्याला उठवतो. रास्त आहे. फक्त फाटकाकडे बघून आतल्या दिव्यांचा अंदाज बांधायचा नसतो. मी शाळेचं फाटक बघत बसले, आणि आत ट्यूबलाइट रात्रभर जळत होती.

सेन्सरच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये गेले. रनटाइम स्टेटस: अ‍ॅक्टिव्ह. शेजारी 'रनटाइम सस्पेंडेड टाइम' नावाची फाइल असते. डिव्हाइस आजवर एकूण किती मिलिसेकंद झोपलं ते ती सांगते. वाचली, अर्ध्या तासानं परत वाचली. आकडा तोच. झोप थांबलेली. हे कर्नल बांधताना मी पीएमच्या जादा डीबगचा पर्याय चालू ठेवला होता, त्यामुळे 'रनटाइम यूसेज' ही फाइलही होती. हीच ती चपलांची मोजणी. शांत वेळी तिथे शून्य हवं.

तिथे ३१७ होतं.

दारात ३१७ चपला आणि आत एक माणूस नाही. मला हसूही आलं आणि पोटात गोळाही आला, कारण आकडा इतका मोठा आहे म्हणजे गळती अपघातानं एकदा झालेली नाही, ती नित्यनेमानं होते आहे हे उघड होतं. तासाभरानं तो ३१९ झाला. वाचनं सहा झाली होती, वाढ दोनची. म्हणजे दर वाचनाला गळत नाही, अधूनमधून गळतं. मग जे अधूनमधून होतं ते काय? लॉगमध्ये वजा १२१ ची एरर होती, त्या तासात दोनदा. हा कंट्रोलर वजा १२१ देतो तेव्हा समोरच्यानं हाकेला ओ दिलेली नसते. आमचं वरचं सॉफ्टवेअर अशा वेळी आधीचंच वाचन पुढे ढकलायचं, म्हणून बागेत कुणालाच काही खुपलं नाही.

ड्रायव्हर उघडला. बघितलेलाच होता ना मी तो! वाचनाचं फंक्शन जेमतेम वीस ओळींचं. वर 'गेट'. मग सेन्सरचं रजिस्टर वाचा. एरर आली तर तिथूनच रिटर्न. नाहीतर आकडा घ्या, 'मार्क लास्ट बिझी' म्हणा (म्हणजे ऑटोसस्पेंडचे तीन सेकंद इथून मोजायचे), 'पुट' म्हणा, रिटर्न. माझी नजर दर वेळी वरून खाली सरळ जात होती, 'गेट' दिसत होतं, 'पुट' दिसत होतं, जोडी जमत होती. मधला तो एररचा रिटर्न म्हणजे मागचं दार होतं.

वाचनालयाला खरंच मागचं दार होतं. एकदा पाटील गुरुजी पुढून येताना दिसले म्हणून शाळा बुडवून बसलेला एक पोरगा मागच्या दारानं अनवाणी पळाला. त्याच्या चपला पुढच्या दारात तशाच. आप्पा साडेनऊपर्यंत बसून राहिले. आईनं मला बोलवायला पाठवलं, तर हे दिवे लावून एकटेच केसरी वाचत बसलेले. "कुणीतरी आहे अजून," म्हणाले. मी कपाटांपलीकडे जाऊन बघून आले. कुणी नव्हतं. आप्पांचा चपलांवरचा विश्वास मात्र त्या दिवसानंतरही ढळला नाही. त्यांनी मागच्या दाराला कडी लावली एवढंच.

टेबलावर हे का दिसलं नाही, तर पुण्यातलं ऑफिस कोरडं असतं. आय-टू-सी ही मुळात १९८२ मध्ये फिलिप्सनं काढलेली, एकाच बोर्डावरच्या चिपांनी आपसात कुजबुजायची भाषा. ती आम्ही दीड मीटर केबलवरून बागेत ओढली होती. (का, ते विचारू नका. स्वस्त पडतं म्हणून.) पहाटे दव पडलं, पावसाची झड आली की कनेक्टर ओलावायचा, सेन्सर ओ द्यायचा नाही, एरर यायची आणि एक चप्पल दारात राहायची. पहिली चप्पल राहिली की पुढं शून्य नाहीच. १२ व्होल्टची लाइन कायमची चालू. १२० मिलिअँपिअर, जवळजवळ दीड वॉट. दिवसाचा खर्च ३१ वरून ६६ वॉट-तास. पाच दिवसांचे अडीच दिवस. आणि ज्या ढगाळ, दमट रात्री गळती सुरू व्हायची, नेमके त्याच दिवसांत पॅनल काही कमवायचं नाही. उन्हात हीच गळती पॅनल गपचूप भरून काढत असणार, आणि बॅटरी मेली की बूट होऊन मोजणी पुन्हा शून्यावर यायची. पुराव्यासकट सगळं पुसलं जायचं.

पक्कं करायला घरून कपड्यांवर पाणी मारायची फवारणीची बाटली आणली, इस्त्रीच्या टेबलावरची. मल्टिमीटर लावला, वाचन सुरू व्हायच्या बेतात कनेक्टरवर दोन फवारे मारले. वजा १२१. मल्टिमीटरचा आकडा चढला आणि तिथेच राहिला. तीन सेकंद, दहा सेकंद, मिनिट. कनेक्टर पुसला. पुढचं वाचन व्यवस्थित आलं. आकडा वरच. सहकारी मागे उभा होता. काही बोलला नाही, चहा सांगायला गेला.

दुरुस्ती दोन ओळींची. मधला रिटर्न काढून खाली 'पुट'च्या आधी खूण घातली आणि एरर आली की तिथे उडी. या उडीला गोटू म्हणतात, आणि कर्नलच्या कोडमध्ये गोटू दिसला की कॉलेजातून नुकतीच आलेली मुलं नाक मुरडतात. मागच्या दाराला कडी लावायची याहून साधी रीत मला तरी माहीत नाही.

करताना आणखी एक भोक दिसलं. 'गेट-सिंक' हे फंक्शन आधी मोजणी वाढवतं, मग डिव्हाइस उठवायला जातं. उठवणं फसलं तरी वाढलेली मोजणी तशीच. म्हणजे माणूस आला, चपला काढल्या, दार लोटलं, कुलूप होतं, आणि अनवाणीच घरी गेला. असं कोण करतं? पण त्या फंक्शनचा करारच तसा आहे, आणि नापास झालेल्या 'गेट'नंतरही मोजणी उतरवावी लागते हे भल्याभल्यांना ठाऊक नव्हतं. २०२० मध्ये कर्नलभर याच गळतीच्या दुरुस्त्यांची रांग लागली होती. मग त्याच डिसेंबरात आलेल्या ५.१० मध्ये 'रिझ्यूम अँड गेट' नावाचं नवं फंक्शन आलं. ते उठवणं फसलं तर आपल्या चपला आपण उचलून नेतं. माझा कोड जुन्या ४.१९ वरून उचलून आणलेला, म्हणून जुनीच सवय. ते बदललं.

तेवढ्यावरही भागत नाही. उठवण्याच्या कॉलबॅकनं (डिव्हाइस उठवताना कर्नल ड्रायव्हरमधलं जे फंक्शन बोलावतो त्यानं) खरोखरची एरर परत केली तर कर्नल त्या डिव्हाइसवर काट मारतो आणि पुढच्या प्रत्येक उठवणीला वजा २२ तोंडावर फेकतो. तो काट आपण निस्तरेपर्यंत डिव्हाइस हलत नाही. म्हणून सेन्सर ओळख देतोय का हे तपासण्याचं काम मी उठवण्याच्या कॉलबॅकमधून काढलं. तिथे फक्त लाइन चालू करायची आणि व्होल्टेज स्थिर होईस्तोवर थांबायचं. ओल्या कनेक्टरची भांडणं वाचनाच्या फंक्शननं बघावीत.

कनेक्टरही बदलला, रबरी टोपीचा आणला. तो आधीच आणला असता तर ही गळती मला कधीच सापडली नसती, हा विचार अधूनमधून येतो.

रविवारी आप्पांना फोनवर हे सगळं सांगितलं. त्यांना कर्नल वगैरे कळत नाही, पण ३१७ चा आकडा त्यांनी दोनदा विचारला. "एवढ्या चपला जमेपर्यंत कुणाला शंका आली नाही?" मी म्हटलं, दिवे चालू होते आप्पा, वाचणाऱ्यांचं काही अडत नव्हतं. त्यावर म्हणाले, "बिल कोण भरतं त्याला विचारायचं."

नव्या ड्रायव्हरसह यंत्र नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात बागेत गेलं. त्याच रात्री तिकडे पाऊस झाल्याचं कळलं आणि मी साडेअकराला अंथरुणातूनच आत शिरले. यूसेज वाचलं: १. उठून बसले. पुन्हा वाचलं: ०. स्टेटस अजून अ‍ॅक्टिव्ह. मनात एक, दोन, तीन मोजलं आणि परत विचारलं.

सस्पेंडेड.